सगुणाबाईंची भूमिका

"काकू, डोळे मिटा आणि सरळ मागे पडा. मी आहे ना मागे," पियूष म्हणाला.

रजनीने डोळे मिटले, हात छातीशी घेतले, अंग मागे झोकून द्यायचं मनाशी ठरवलं आणि ऐन वेळी तिचा उजवा पाय आपोआप मागे सरकून जमिनीवर रोवला गेला. वर्गातली मुलं हसली. मघापासून हेच चाललं होतं.

"इथे काकू कुणी नाही," खिडकीशी उभ्या असलेल्या मेधाताई म्हणाल्या. त्या अभिनय शिकवायच्या. "ती रजनी आहे, तुमच्याच वर्गातली. रजनी, काय होतंय? पडायची भीती वाटते?"

"पडायची नाही," रजनी म्हणाली. "माझ्या वजनाने हाच पडेल, त्याची वाटते."

यावर सगळे पोट धरून हसले, मेधाताईसुद्धा. त्या दिवशी रजनी काही पडली नाही. पण तास संपल्यावर पियूषने तिला कॅन्टीनमध्ये चहा पाजला आणि त्यानंतर तोही तिला नावानेच हाक मारू लागला. लग्न झाल्यापासून कुणी तिला असं नुसतं नावाने बोलावलं नव्हतं. पहिले काही दिवस तिला वाटायचं, ही दुसऱ्याच कुणाला तरी हाक आहे.

२००१ साल होतं ते. विद्यापीठाच्या कलाविभागात नाटकाच्या पहिल्या वर्षाला बसलेली बाकीची मुलं एकोणीस-वीस वर्षांची, आणि रजनी एकोणचाळीसची. ती मूळची अकोल्याची. कॉलेजात असताना एका नाटकात काम करून बक्षीस मिळवलेलं, पुढे नाटकच शिकायचं असं म्हणता म्हणता लग्न झालं. नवरा मनीष हिंजवडीतल्या एका कंपनीत हिशेब बघायचा. त्याच्या नोकरीपायी ते सूसला नव्या सोसायटीत राहायला आले. मुलगी किमया दहावी झाली, तिचं तिचं विश्व सुरू झालं, आणि एका दुपारी रजनी कुणालाही न सांगता विद्यापीठात जाऊन प्रवेशपरीक्षा देऊन आली.

"जा," मनीष म्हणाला होता. "दोन महिन्यांत कंटाळून नाही आलीस तर मला सांग."

किमयाने एवढंच म्हटलं, "माझ्या मैत्रिणींना सांगू नकोस, प्लीज."

विभाग तसा लहानसाच होता. बैठी दगडी इमारत, भोवती वडाची झाडं, मागच्या बाजूला उघडा मंच. पलीकडच्या खोलीत नृत्याच्या मुली घुंगरू बांधून तत्काराची पावलं टाकू लागायच्या, तेव्हा नाटकाच्या वर्गातली तावदानं थरथरायची. शुक्रवारी दुपारी पडदे ओढून जुने परदेशी सिनेमे दाखवत. भाषेचं अवाक्षर न कळताही रजनी त्या अंधारात रडायची, आणि दिवे लागायच्या आत डोळे पुसून शेजारी बसणाऱ्या अपूर्वाकडे पेन मागायची, काही टिपून घ्यायचंय असं दाखवून. सकाळी आवाजाचा तास. मग झाड व्हा, मांजर व्हा, वाऱ्याने उडालेला कागद व्हा. घरी येऊन पोळ्या लाटतानाही तिच्या अंगात ते मांजर थोडंसं शिल्लक असायचं. पुढे कितीतरी वर्षं, कुठे घुंगरू वाजले की तिला आधी आठवायची ती थरथरणारी तावदानं, आणि मग बाकीचं सगळं.

सूसहून निघणाऱ्या सकाळच्या पीएमटीच्या बसमध्ये तिला सगुणाबाई भेटल्या. साठीच्या आसपासच्या, जुन्या गावठाणात राहणाऱ्या. पाषाणच्या मंडईत भाजी विकायला जायच्या. मेथी, चाकवत, कोथिंबिरीची पाटी दोन सीटांच्या मधे ठेवून त्या खिडकीशी बसत. डावा पाय पूर्वी कधीतरी बांधावरून पडून मोडलेला आणि तसाच जुळलेला, त्यामुळे चालताना दर पावलाला त्या हात गुडघ्यावर टेकवायच्या आणि अंग एका बाजूला टाकून पुढे व्हायच्या. समोरचे दोन दात नव्हते. हसू आलं की पदर तोंडाशी जायचा.

"कंच्या हापिसात जाता ताई?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"ऑफिस नाही मावशी. शिकायला जाते. विद्यापीठात."

"या वयात? काय शिकता?"

"नाटक."

बस सूस खिंड ओलांडेपर्यंत सगुणाबाई विचार करत होत्या. मग म्हणाल्या, "नाटक शिकाया लागतं व्हय?"

 त्या दिवसापासून रिवाजच पडला. बस सुरू झाली की सगुणाबाई विचारायच्या, "काल काय शिकिवलं?" आणि रजनी सांगायची. झाड झालो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, कंचं झाड? रजनी म्हणाली, नुसतंच झाड. "असं कसं? बाभळ येगळी, उंबर येगळा," असं म्हणून सगुणाबाई हसल्या आणि पदर तोंडाला लागला. घरी कुणी इतक्या चवीने विचारत नव्हतं. रजनीला त्या अर्ध्या तासाची ओढ लागली.

रजनी राहायची ती सोसायटी सगुणाबाईंच्या दिरांच्या वावरात उभी राहिली होती. त्याबद्दल त्या कधी कुरकुरल्या नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा रामदास जीप चालवायचा. घरामागे चार वाफे आणि एक म्हैस राहिली होती, त्यावर त्यांचं घर चालायचं.

एका सकाळी पाटीतली मेथीची एक जुडी सुटली. सगुणाबाईंनी ती मांडीवर घेतली, पेंढ्याच्या काडीने बांधली. आणि बांधता बांधता, काही विचारलं नसताना, म्हणाल्या, "सोनीला मेथी लई आवडायची. माझी लेक. बाळंतपनात गेली गेल्या साली."

रजनी त्यांच्याकडे वळून बसली.

"पोर वाचली. पल्लवी. ती आमच्याकडंच हाय. सोनीला दवाखान्यात घेऊन गेलो तर म्हनले, उशीर झाला. उशीर न्हवता झाला. पर म्हनले." आवाज अगदी सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. हात मात्र थांबत नव्हते. त्यांनी बांधलेली जुडी सोडली. देठ सारखे केले. पुन्हा बांधली. पुन्हा सोडली. पाषाण येईपर्यंत ती एकच जुडी त्या बांधत आणि सोडत राहिल्या.

रजनीचे डोळे भरून आले होते. आणि त्याच वेळी तिच्या लक्षात आलं की आपण ते हात बघतोय. काडी कोणत्या बोटाने दाबली, गाठ सोडताना अंगठा कसा वळला, हे सगळं आपल्या आत कुणीतरी टिपून घेतंय. तिला स्वतःची शिसारी आली. तरी तिने नजर काढली नाही.

सत्राच्या शेवटी मेधाताईंनी काम दिलं होतं. नात्यातला नसलेला एक माणूस निवडा, त्याला बघा, आणि वर्गासमोर तो माणूस उभा करा. पियूषने विद्यापीठाच्या फाटकावरचा रखवालदार केला. अपूर्वाने आपल्या वसतिगृहावर देखरेख करणारी बाई केली. रजनीने सगुणाबाई केल्या.

पाटी घेऊन ती गुडघ्यावर हात टेकवत आत आली तेव्हाच वर्ग हसू लागला. बसमध्ये चढणं, कंडक्टरशी हुज्जत, पदर तोंडाशी नेणं, सगळ्याला हशा मिळत गेला. मग तिने जुडी मांडीवर घेतली आणि सोनीचं सांगितलं. जुडी बांधली, सोडली, बांधली. वर्गात कुणी हललं नाही. संपल्यावर टाळ्यासुद्धा उशिरा आल्या.

"हे जुडीचं तुला सुचलं?" मेधाताईंनी विचारलं.

"नाही. बघितलं."

मेधाताईंनी वहीत काहीतरी लिहिलं. "मार्चमध्ये आपला जाहीर कार्यक्रम आहे. त्यात हे कर."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये रजनीने सगुणाबाईंना सांगितलं. तिला वाटलं होतं त्या नाही म्हणतील.

"माझं नाटक?" त्या म्हणाल्या. "माझ्यात काय हाय बघन्यासारकं?"

"सगळंच आहे मावशी. त्यात सगळ्या तुम्हीच आहात. तुम्ही हसता, भांडता, सोनीची आठवण काढता. चालेल ना तुम्हाला?"

सगुणाबाईंनी बाहेर बघितलं. "सोनीचं बी हाय?"

"हो."

"मग यीन की बघाया."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मनीषने ऑफिसातून लवकर निघून गाडी काढली. किमया तोंड फुगवून पुढे बसली आणि मागे सगुणाबाई, ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसून, केसांना तेल लावून. उघड्या मंचासमोरच्या पायऱ्या गच्च भरल्या होत्या. विद्यार्थ्यांचे आईवडील, दुसऱ्या विभागांचे प्राध्यापक, शहरातली नाटकवेडी माणसं. मेधाताईंनी सगुणाबाईंना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी किमया.

रजनी पाटी घेऊन मंचावर आली. तिची चाल बघताच हशा उसळला. सगुणाबाईही हसल्या, पदर तोंडाशी नेऊन. त्याच क्षणी मंचावर रजनीनेही तसाच पदर तोंडाशी नेला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी एकदा मंचाकडे आणि एकदा सगुणाबाईंकडे बघितलं, आणि हशा दुप्पट झाला. काही माना वळल्या. कुणीतरी बोट दाखवलं.

रजनी जुडी घ्यायला वाकली. मंचावरचा उजेड पहिल्या रांगेपर्यंत पोचत होता. सगुणाबाईंचा पदर आता तोंडावर नव्हता. दोन्ही हात मांडीवर ठेवून, पाठ ताठ करून त्या तिच्याकडे बघत होत्या. हसणाऱ्या माणसांच्या मधे ते एकच न हसणारं तोंड होतं.

रजनीला बसमधली ती सकाळ आठवली. एक बाई आपली मेलेली लेक सांगत होती आणि आपण तिची बोटं बघत होतो. आता तेच या सगळ्यांपुढे मांडायचं? तिच्या देखत? रजनीचे हात थबकले. तिने जुडी एकदाच बांधली, पाटीत ठेवली, पाटी उचलली आणि गुडघ्यावर हात टेकवत विंगेत निघून गेली.

टाळ्या भरपूर पडल्या. लोकांना वाटलं, छोटीशी गंमत होती, संपली.

"शेवट का सोडलास?" मेधाताईंनी विंगेत विचारलं. रजनीने मान हलवली. मेधाताईंनी पुन्हा विचारलं नाही.

परतताना गाडीत मनीष म्हणाला, "छानच झालं. लोक काय हसले!" मागे वळून त्याने विचारलं, "काय मावशी, आवडलं ना?"

"ब्येस झालं," सगुणाबाई म्हणाल्या. गावठाणाच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. घरापर्यंत सोडतो म्हटलं तरी ऐकलं नाही.

घरी आल्यावर किमया स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, तू घरी तालीम करायचीस त्यात ते जुडीचं होतं. माझ्या खोलीत ऐकू यायचं. आज विसरलीस का?"

आपली मुलगी दाराआडून ऐकत होती, हे रजनीला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. "नाही गं," ती म्हणाली. "विसरले नाही."

त्यानंतर सगुणाबाई तिच्या बसला दिसेनात. रजनीने ताडलं की त्या आधीच्या बसने जात असणार. आपण त्यांच्या लंगडण्यावर गाव हसवलं, त्यांचा अपमान केला, दुसरं काय, असं ती मनाशी घोळवत राहिली. शेवटी एका सकाळी ती पाषाणला उतरली आणि मंडईत गेली. सगुणाबाई गोणपाटावर बसून कोथिंबिरीवर पाणी शिंपडत होत्या.

"मावशी, माझं चुकलं," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "तुमच्या चालण्याला लोक हसले. मी तसं करायला नको होतं."

"बसा आदी," सगुणाबाईंनी गोणपाट सरकवलं. रजनी बसली. "हसली तर हसू द्या की. मी बी हसले. आमचं मालक जिते व्हते तवा ते बी माझ्या चालन्याची नक्कल करायचे. त्याचं काय न्हाई."

"मग?"

सगुणाबाईंनी एका गिऱ्हाइकाला जुडी दिली, ते जाईपर्यंत थांबल्या.

"तुमी म्हनला व्हता सोनीचं हाय म्हनून. मी वाट बघत बसले. आता यील, मग यील. तुमी पाटी उचलली नि गेलाच."

 "मला वाटलं... एवढ्या लोकांसमोर तुम्हाला बरं वाटणार नाही. तुमचं दुःख असं..."

"लोकांसमोरच पायजे व्हतं," सगुणाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ती गेली तवा पावसाचे दिस व्हते. दहाव्याला चार मानसं न्हाई आली. सासरच्यांनी तर नावच टाकलं. कोन थांबलं तिच्यासाठी घटकाभर? तितं एवढी मानसं बसली व्हती. शिकल्याली. गप ऱ्हायली असती तिच्या नावानं. मी रामदासला सांगून आल्ते, आज सोनीचं हाय म्हनून. घरी जाऊन त्याला काय सांगू? हसले म्हनून?"

 रजनीने दया म्हणून जे गाळलं होतं, त्याच्यासाठीच ही बाई ठेवणीतलं नेसून आली होती. राहिला होता तो नुसता हशा.

"आता परत न्हाई व्हनार का ते?" सगुणाबाईंनी विचारलं.

कार्यक्रम संपला होता. पुढचं वर्ष, पुढची नाटकं. रजनी म्हणाली, "मंचावर नाही होणार. पण तुमच्या घरी येऊ का मी?"

रविवारी दुपारी ती गेली. बरोबर किमया होती. तीच म्हणाली होती, मी येते. घरामागच्या परसात रामदास, त्याची बायको, शेजारच्या दोन बायका आणि पायरीवर सगुणाबाई, मांडीवर दीड-पावणेदोन वर्षांची पल्लवी. रजनीने सगळं केलं, पहिल्यापासून. चाल आल्यावर शेजारणी हसल्या, रामदासही हसला. मग ती बसली, वाफ्यातून उपटून दिलेली खरी मेथी मांडीवर घेतली आणि सोनीचं सांगितलं. जुडी बांधली, सोडली, बांधली. आपण काय करतोय हे तिला या वेळी दिसत नव्हतं. शेजारणींचे पदर डोळ्यांना लागले. रामदास उठून म्हशीकडे तोंड करून उभा राहिला.

सगुणाबाई रडल्या नाहीत. झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर सोनी नुसती मेलीच न्हवती ताई. जगली बी व्हती."

आणि चहा होईपर्यंत त्या सोनीबद्दल बोलत राहिल्या. पुढे दोन वर्षं, रजनीचं शिक्षण संपेपर्यंत, सकाळच्या बसमध्ये तेच चाललं. सोनी पालीला कशी भ्यायची. रागावली की कौलांवर चढून कशी बसायची, आणि खाली ये म्हटलं की गाणं कशी म्हणायची. चपला हातात घेऊन शाळेतून धावत कशी यायची, वहाण झिजू नये म्हणून नव्हे, अनवाणी बरं वाटतं म्हणून. रजनीने त्यातलं काही मंचावर नेलं नाही.

पदवी मिळाली. पियूष मुंबईला गेला, त्याचं नाव अधूनमधून मालिकांच्या शेवटी दिसे. अपूर्वा लग्न करून परदेशी गेली. रजनीने दोन-तीन प्रायोगिक नाटकांत कामं केली, एका मालिकेत शेजारीण झाली, ती शेजारीण चार भागांत गाव सोडून गेली. मग सूसजवळच्या एका शाळेत तिला नाटकशिक्षिका म्हणून घेतलं आणि तिथे ती रमली. मनीष पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे एक डिग्रीवाली नटी आहे," आणि ते सांगताना त्याला बरं वाटायचं. किमया नोकरीला बंगळूरला गेली. सूसच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या. बसने जाणारं जवळपास कुणी उरलं नाही. सगुणाबाईंचे गुडघे गेले, मंडई सुटली. रजनी सणावाराला जाऊन भेटून यायची, पुढे पुढे तेही कमी झालं.

२०१० च्या हिवाळ्यात सगुणाबाई गेल्या. रजनीला उशिरा कळलं. ती तेराव्याला गेली तेव्हा अंगणात मांडव होता, माणसं जेवून उठत होती. रामदास आता हिंजवडीतल्या कंपनीच्या गाड्या चालवायचा. पुष्कळ माणसं आली होती.

"या ताई," तो म्हणाला. "आई तुमचं लई नाव काढायची." तेवढ्यात कुणी बोलावलं म्हणून तो गेला.

रजनी मागच्या परसात आली. वाफे नव्हते, म्हैसही नव्हती. पायरीवर एक दहा वर्षांची मुलगी बसली होती, दोन वेण्या, नवा फ्रॉक. ती कितीतरी वेळ रजनीकडे बघत होती.

"तुमी नाटकाच्या बाई ना?"

"हो. तू पल्लवी."

मुलीने मान हलवली. मग विचारलं, "तुमी माझ्या आईला बघितलंय ना? आजी म्हनायची, त्या बाईंना तुझी आई समदी ठावं हाय. कशी व्हती ती?"

घरात सोनीचा एखादा फोटोही नसावा. हो म्हणणं सोपं होतं.

"बघितलं नाही गं मी तिला," रजनी म्हणाली. "माझी नि आजीची ओळख झाली तेव्हा ती नव्हती. आजीने सांगितली तेवढीच मला माहीत आहे."

पल्लवीने वेणी पाठीमागे टाकली.

"मग तेवढीच दावा," ती म्हणाली.

मांडवातून भांड्यांचा आवाज येत होता. रजनीने पर्स पायरीवर ठेवली, चपला काढून हातात घेतल्या, ओढणी कमरेला बांधली आणि परसाच्या पार टोकाला जाऊन, धावत यायच्या तयारीत, उभी राहिली. पल्लवीने पाय पोटाशी घेतले आणि बघत राहिली.